पाठमोरी शिकवणी

ही वही कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. मला एक परकी बोली थोडीशी येते, तुर्कांची. ती बोलायला आता माझ्यासमोर माणूस नाही, आणि शब्द एकेक करून निसटायला लागले आहेत. मागच्या आठवड्यात तांदूळ निवडताना चुलीला काय म्हणतात ते आठवेना. तिन्हीसांजेपर्यंत आठवत होते, नाही आलं. म्हणून जे राहिलं आहे ते उतरवून ठेवते.

माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. वडील लोणावळ्याला रेल्वेत पॉइंटमन होते, शाळा जवळ होती, म्हणून तेवढं तरी झालं. चौथी झाली आणि लग्न झालं. मालक पलटणीत होते. पंधरा दिवसांची रजा घेऊन लग्नाला आले. अंतरपाटावरून मला त्यांचा फेटा तेवढा दिसला. रजा संपली, ते गेले, आणि पुढं जर्मनची लढाई लागली. त्यांची पलटण बसऱ्याहून बगदादच्या वाटेला गेली, नदीकाठच्या एका गावात वेढ्यात अडकली, आणि खायला काही उरलं नाही तेव्हा सगळीच्या सगळी तुर्कांच्या हाती सापडली. आम्हाला हे फार उशिरा कळलं. तोवर मी मळवलीच्या पलीकडच्या खेड्यात सासरी नांदायला आले होते. सासर होतं, नवरा नव्हता. पाणवठ्यावर कुणी म्हणे मेला, कुणी म्हणे बाटला, कुणी म्हणे तिकडंच दुसरी केली. मी हंडा घासत ऐकत असे. मला उलटून बोलता येत नसे, आजही येत नाही.

लढाई संपल्यावर ते आले. मळवलीला गाडीतून उतरून चालत आले होते. दाढी, अंगात कुणाचा तरी कोट. मला वाटलं गोसावी आहे. मी ओंजळभर पीठ घेऊन बाहेर गेले. त्यांनी झोळी नाही म्हणून दोन्ही हात पुढं केले आणि पीठ घेतलं. तेवढ्यात मागून सासूबाई आल्या आणि त्यांच्या गळ्यात पडल्या, पीठ सगळं दोघांच्या अंगावर सांडलं.

परक्यांच्या हातचं खाल्लं म्हणून भावकीनं त्यांना शुद्ध करून घेतलं, पंगत झाली, आणि ते घरात मिसळले. माझ्यात मात्र मिसळले नाहीत. ते शक्यच नव्हतं. आमच्यात वडीलधाऱ्यांदेखत नवराबायकोनं बोलायचं नसे. पाणी हवं असलं तर ते म्हणत, "आई, पानी दे म्हनावं." सासूबाई माझ्याकडं बघत. मी तांब्या भरून, हातात न देता, त्यांच्याजवळ खाली ठेवी. घर दोन खणांचं, माणसं सात. त्यांचा आवाज मला माहीत होता, पण तो दुसऱ्याशी बोलतानाचा.

दिवाळीनंतर गवत कापून झालं की आम्हा दोघांना भारे घेऊन लोणावळ्याला पाठवत. तिथल्या बंगलेवाल्यांच्या घोड्यांना गवत लागे. रुळाच्या कडेनं वाट होती. ते पुढं, मी दहा पावलं मागं, कारण बाईनं बरोबरीनं चालायची रीत नव्हती. पहिल्या खेपेला जाताना येताना एक शब्द झाला नाही. दुसऱ्या खेपेला अर्ध्या वाटेवर ते मागं न बघताच म्हणाले, "सू."

 मी विचारलं, "काय म्हनाला?"

"सू म्हंजी पानी. तिकडं म्हनत्यात."

"पानी पायजे का?"

"न्हाई. नुसतं सांगितलं."

पुढचा पूल आला. मग म्हणाले, "गेल म्हंजी काय, सांग."

"गेल म्हंजी गेला."

"न्हाई. गेल म्हंजी ये."

"आन् जा?"

"गित."

"उलटीच हायेत की मानसं," मी म्हणाले. त्यांच्या डोक्यावरचा भारा हलायला लागला. ते हसत होते. माणूस हसतो ते पाठीवरूनही कळतं, हे मला तेव्हा समजलं.

अशी माझी शिकवणी सुरू झाली. मास्तर कायम पाठमोरे. भाकरीला तिकडं एकमेक म्हणतात, हे कळल्यावर आमची मोठी सोय झाली. जेवताना ते भिंतीकडं बघून म्हणत, "एकमेक," आणि मी त्यांच्या ताटात अर्धी भाकर टाकी. सासूबाई विचारत, "कोन एकमेकाला काय म्हनलं रं?" ते खाली मान घालून जेवत.

शाळेत आम्हाला क्रियापद चालवायला लावत. मी जातो, तू जातोस, तो जातो. तुर्कांचं क्रियापद चालवायचं म्हणजे माझे वडील स्टेशनात इंजिनाला वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, जोडत तसं आहे. पुढं इंजिन, मागं एकेक तुकडा जोडत जायचा. गेल, म्हणजे ये. गेल्दी, आला. गेल्दिम, आलो. गेल्दिन, आलास. गेल्दिक, आपण आलो. मध्ये एक 'मे' घातला की नकार होतो: गेल्मेदिम, आलो नाही. मी, तू, आपण हे वेगळं म्हणायला लागत नाही, सगळं शेवटच्या वाघिणीत असतं.

एक गोष्ट मला नीट जमेना. ओतुर म्हणजे बस. 'बसलो'ला मी ओतुर्दिम म्हटलं. ते म्हणाले, "ओतुर्दुम. पुढं तोंड गोल झालंय न्हवं, मंग मागंबी गोलच ऱ्हाऊ दे." पुढच्या अक्षराचं जसं वळण, तसं मागच्यानं घ्यायचं.

मी म्हणाले, "सुनंसारखं."

"मंग तुला लवकर यील," ते म्हणाले.

आणखी एक. तो आला, ती आली, ते आलं, या तिघांना तिकडं एकच शब्द, गेल्दी. बाई की पुरुष ते क्रियापदाला कळतच नाही. पुढच्या वर्षी मला दिवस गेले तेव्हा घरात सगळे 'तो' येणार, 'तो' येणार म्हणत. सासूबाईंनी तर टोपडंही मुलाचं शिवलं. आम्ही रुळाच्या कडेनं जाताना फक्त गेलियोर म्हणायचो; येतो, येते, येतं, सगळं त्यातच. येणारं कोण ते ठरवायची गरज नव्हती.

मराठीत मी त्यांना अहो-जाहो करायची. तुर्कीत गेल, ओतुर, वेर. ये, बस, दे. एकदा मला लाज वाटली आणि मी विचारलं की आदरानं कसं म्हणायचं. ते म्हणाले, "आसंल की तिकडं. पन आमच्याशी तसं कोनी बोललंच न्हाई, मंग कळनार कसं?" पहारेकरी जे ओरडत तेवढंच त्यांना आलं होतं. ऊठ, बस, चल, उचल. लवकरला ते चाबुक म्हणतात. दिवसभर कानावर चाबुक, चाबुक. मला वाटलं मारायचे. ते म्हणाले, "तेबी."

त्यांना तिकडं डोंगरात रेल्वेच्या बोगद्याच्या कामाला लावलं होतं. त्या आधी उन्हातून कित्येक दिवस चालवत नेलं. हे त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. मराठीत ते म्हणत, "बरं होतं." पण वाटेवर शिकवता शिकवता निघायचं. एकदा म्हणाले, "उश्युदुम." मी अर्थ विचारला. "मला थंडी वाजली." मग काही वेळानं, "लय." त्यांना कधी थंडी वाजली असेल असं मला वाटलंच नव्हतं. दुसऱ्या एका दिवशी मी विचारलं की आपण 'आला म्हणे' म्हणतो, स्वतः बघितलेलं नसतं, ते कसं म्हणायचं. त्याला वेगळी वाघीण असते, मिश. गेल्मिश, आला म्हणे. त्यांच्या बरोबरचा एक वाईकडचा गडी चालताना मागं राहिला. दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्यानं त्याच्याविषयी असाच एक शब्द टाकला. मेला म्हणे. "बघितलं कोनीच न्हाई," ते म्हणाले, आणि त्या दिवशी शिकवणी तिथंच थांबली. मला पाणवठ्यावरचं बोलणं आठवत होतं, पण मी सांगितलं नाही.

मुलगी झाली. ते दुपारी तिला मांडीवर घेऊन पडवीत बसत आणि हळू म्हणत, "उयू, उयू." नीज, नीज. एवढंच. पाच महिन्यांची झाली आणि तापानं तीन दिवसांत गेली. तिच्याबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही.

सासूबाई वाईट नव्हत्या. मुलगा मेला की जिवंत, याचा घोर त्या बाईनं तीन वर्षं सोसला होता. नात गेली तेव्हा त्यांना कशाला तरी धरायला हवं होतं. त्यांनी ते उयू उयू ऐकलं होतं. त्या म्हणायला लागल्या, यानं तिकडचं कायतरी पोरीच्या कानात घातलं. बाटला न्हाई म्हनतो, मग ही कसली बोली? थोरल्या चुलत सासऱ्यांना, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, बोलावलं. चौघं जण जमले आणि मालकांना गावच्या देवळात नेलं.

आबा म्हणाले, "आमी तुला पंगतीला घेतला. घेतला का न्हाई?"

"व्हय."

"मंग आता ती बोली पुन्यांदा तोंडातनं काढायची न्हाई. एक अक्षर न्हाई. उचल बेलभंडारा."

"आबा, ती नुसती बोली हाय. देवाधर्माचं न्हाई त्यात काय."

"नुसती हाय तर सोडायला काय जातंय?"

मी देवळाच्या पायरीखाली बायकांत उभी होते. त्यांनी एकदा बाहेर पाहिलं. माझ्याकडं की नुसतं उजेडाकडं, सांगता येत नाही. मग बेल आणि भंडारा उचलून कपाळाला लावला. बेलभंडारा उचलून केलेली शपथ आमच्याकडं मोडत नाहीत. ते मोडणाऱ्यांतले नव्हतेच.

मला कुणी शपथ घातली नाही. मला ती बोली येते हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

त्यानंतरच्या पहिल्या खेपेला आम्ही नेहमीसारखे निघालो. ते पुढं, मी मागं. वाटेतलं वलवण गाव जवळ आलं तरी एक शब्द नाही. पूर्वी दोघांत बोलणं नव्हतं तेव्हा मला त्याची सवय होती. आता ती मोडली होती. ती पाठ तेवढी पुढं चालली होती आणि मुलगी गेल्यापासून आम्ही तिच्याविषयी एकमेकांशी काहीही बोललो नव्हतो. मराठीत बोलायला आम्हाला येतच नव्हतं. मी हळूच म्हणाले, "बाक."

बाक म्हणजे बघ. ते थांबले. डोक्यावर भारा, त्यामुळे नुसती मान वळवता येईना, सगळे वळले आणि माझ्याकडं पाहत उभे राहिले. वाटेनं चालताना त्यांनी आजवर एकदाही मागं पाहिलं नव्हतं. दिवसाउजेडी मी त्यांचे डोळे तेव्हा प्रथम नीट पाहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग ते वळले आणि चालू लागले.

शपथ न बोलण्याची होती, न ऐकण्याची नव्हती. पुढं वीस वर्षं आम्ही त्या एवढ्या फटीतून राहिलो. मी म्हणे, "दुर," ते थांबत. "ओतुर," की बांधावर टेकत. "आल," म्हणजे घे, की माझा भारा स्वतःच्या भाऱ्यावर चढवून घेत, दोन भाऱ्यांखाली ते वाकत, म्हणून मी तो शब्द वापरायचं सोडून दिलं. कधी काही काम नसताना नुसतं "बाक" म्हणायची. एकदा एका खेपेत तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा ते मराठीत म्हणाले, "गवत सांडतंय गं."

पण मला हुकूम सोडायचे नव्हते. मला उत्तर हवं होतं. मी विचारायची, "योरुल्दुन मु?" म्हणजे दमलास का. 'मु' लावला की प्रश्न होतो. ते मान हलवत किंवा हलवत नसत. पूर्वी ते म्हणायचे, "योरुल्दुम," आणि मग कशानं दमलो ते सांगायचे. ते 'दुम' मला ऐकायचं होतं. दमलो, असं त्यांनी माझ्याजवळ म्हणावं. मराठीत ते कुणाजवळच म्हणत नव्हते. आम्हाला पुढं दोन मुलगे झाले, बैल आले गेले, भाताचं, बियाण्याचं, मुलांच्या खोकल्याचं बोलणं व्हायचं. ते सगळं घराचं बोलणं. आमचं दोघांचं बोलणं त्या रुळाच्या कडेला राहिलं होतं.

सासूबाई गेल्या; मी त्यांना आत्याबाई म्हणायची. वर्ष झाल्यावर मी वाटेत धीर करून विचारलं, "आत्याबाई तर गेल्या. आबाबी गेले. आता कोनाची भीती?"

"शपथ त्यांच्यापाशी न्हवती घेतली. देवापाशी घेतली."

"देवाला कळती व्हय ती बोली?"

ते हसले. "कळत आसली तर?"

 मी परत कधी विचारलं नाही.

या दुसऱ्या लढाईच्या दिवसांत त्यांच्या छातीचं दुखणं वाढलं. लोणावळ्याला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी औषध दिलं आणि थोरल्या मुलाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. थोरल्यानं मला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याशी फार गोड बोलायला लागला, त्यावरून मला कळलं. पडवीत उन्हाच्या बाजूला त्यांचं अंथरूण घातलं. श्वास पुरत नसे, म्हणून मराठीतही ते दोन-तीन शब्दच बोलत.

एक शब्द मी त्यांना आयुष्यात कधी म्हटला नव्हता. तो त्यांनी शिकवलाही नव्हता. पहारेकरी कैद्यांना म्हणत, कोनुश्मा, बोलू नको, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. त्यातली 'मा' ही नकाराची वाघीण, 'मे'चंच दुसरं वळण, मीच मनातल्या मनात सोडवून ठेवली होती. कोनुश. बोल. शपथ घेतली त्या वर्षापासून हा शब्द माझ्याजवळ होता. वापरला नाही, कारण माझं त्यांनी कधी मोडलं नव्हतं आणि शपथही मोडली नव्हती. दोन्ही एकदम त्यांच्यापुढं कसं ठेवायचं?

पण दिवस थोडे राहिले होते, आणि माणसाला लोभ सुटत नाही. एका दुपारी सून कपडे घेऊन नदीला गेली होती, मुलगे रानात होते. मी त्यांच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "कोनुश."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ओठ उघडले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले आणि मलाच भीती वाटायला लागली की ते खरंच बोलतील.  मग त्यांनी ओठ मिटून घेतले, दम घेतला आणि मराठीत म्हणाले, "तू बोल. मी ऐकतो."

मी काय बोलणार? माझ्याजवळ होते काय ते पहारेकऱ्यांचे शब्द. जे हवं होतं ते म्हणायला शब्द नव्हते. मग मी क्रियापदं चालवायला लागले. शाळेत उभं करून म्हणायला लावत तशी. गेल्दिम, गेल्दिन, गेल्दी, गेल्दिक. आलो, आलास, आला, आपण आलो. मग ओतुर्दुम, ओतुर्दुन. मग थंडी वाजण्याचं, दमण्याचं, झोपण्याचं. नकारातली, प्रश्नातली. आवाज फार हळू होता, पण इतकं सलग मी कुणाहीपुढं कधी बोलले नव्हते. ते डोळे मिटून ऐकत होते. मध्येच त्यांच्या गोधडीवरच्या हाताचं एक बोट वर झालं.

मी थांबले. कुठंतरी चुकले होते. मी शेवटचा शब्द परत म्हटला. बोट तसंच. त्याच्या आधीचा म्हटला, वळण बदलून म्हटला. बोट खाली गेलं. बरोबर झालं म्हणून, की हात दमला म्हणून, ते समजलं नाही. मी विचारलं, "चुकलं का?" त्यांचा श्वास संथ चालला होता. झोप लागली होती.

त्यानंतर ते आठ दिवस होते. घरात कायम कुणीतरी बसलेलं असे.

आता मी एकटीच गावातून स्टेशनापर्यंत जाते येते तेव्हा तीच क्रियापदं त्याच क्रमानं म्हणत जाते. त्या दुपारी कुठं चुकले ते शोधते. कधी एका जागी संशय येतो, कधी दुसऱ्या. कुणाला विचारावं असं माणूस या मावळात नाही. जिथं जिथं संशय येतो तिथं मी दोन्ही प्रकारे म्हणते, आणि थोडं थांबते.